फौजदाराच्या कानात

लोक काशीला जातात, रामेश्वरला जातात आणि परत आल्यावर मावंदं घालतात. मी गाढव बघायला गेले होते, त्यामुळे मावंद्याचा प्रश्न आला नाही. पण परत आल्यापासून आमच्या गुहागरात जो भेटतो तो "काय बाई, बघितलंत का गाढव?" असं विचारून हसतो. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं तर घसा बसेल. म्हणून जे मढीला गेलेले नाहीत, आणि बहुधा कधी जाणारही नाहीत, त्यांच्यासाठी हे एकदाच लिहून टाकते.

आधी गाढवाचं कारण सांगायला हवं. मी इथल्या शाळेत चित्रकला शिकवते. पुण्याच्या एका प्रकाशकांनी लहान मुलांच्या अक्षरांच्या पुस्तकासाठी माझ्याकडून सोळा चित्रं मागवली होती. माझं हे पहिलंच पुस्तक. चार महिने खपून मी चित्रं पाठवली आणि त्यांचं उत्तर आलं, "पंधरा चित्रे पसंत आहेत. कमळ व बदक विशेष आवडले. गाढव मात्र गाढवासारखे वाटत नाही. तेवढे पुन्हा काढून पाडव्यापर्यंत पाठवावे."

कुणीही शहाणी बाई हे पत्र वाचून पेढे वाटेल. मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद विरला, आणि दर वेळी मला त्यात गाढवाचीच ओळ दिसली. प्रकाशकांचं म्हणणं खरं होतं. आमच्या बाजूला नारळ आहे, सुपारी आहे, समुद्र आहे, पण गाढव औषधालाही सापडत नाही. मी घोडा काढला होता आणि त्याचे कान ओढून लांब केले होते.

मला एक वाईट खोड आहे, ती इथेच सांगते. मी स्वतःशी बोलते, आणि जे बोलते ते दुसऱ्या कुणाला बोलले असते तर भांडण झालं असतं. मूर्ख, ठोंबी, तुला काही म्हणता काही येत नाही, हे माझे रोजचे शब्द. लोकांना वाटतं, लहानपणी कुणी फार रागावलं असेल. तसंही नाही. माझे वडील इतके मवाळ होते की मांजरालासुद्धा "जरा सरक बाई" म्हणायचे. त्यामुळे दोष दुसऱ्यावर ढकलायचीही सोय नाही. हे सगळं माझं मीच कमावलेलं.

तर त्या पत्रानंतर आठ दिवस मी स्वतःला यथेच्छ बोलून घेतलं आणि शेवटी प्रकाशकांना कार्ड लिहिलं, "हे काम मला झेपण्यासारखे नाही. सर्व चित्रे परत पाठवावीत. क्षमस्व." पत्ता घातला. पेटीत टाकायला निघाले आणि दारातच पोस्टमन भेटला. त्याच्या हातात मालतीचं पत्र होतं. मालती म्हणजे माझी मैत्रीण. पुण्याला चित्रकलेच्या कोर्सला आम्ही एका खोलीत राहायचो. ती लग्न होऊन नगर जिल्ह्यात तिसगावला गेली आणि तिथल्या शाळेत शिकवते. माझं गाढवाचं रडगाणं मी तिला कळवलं होतं. तिने लिहिलं होतं, "रंगपंचमीला आमच्या शेजारी मढीला जत्रा असते. तिथे अख्ख्या मुलखातली गाढवं विकायला येतात. सुमे, ये, डोळे भरून बघ आणि मग काय ते ठरव."

कार्ड पिशवीत टाकलं आणि मी निघाले. एकाहत्तर सालचा शिमगा नुकताच झाला होता.

तिसगाव

नगर सोडलं की करंजीचा घाट लागतो. घाट म्हटल्यावर आमच्या कुंभार्लीच्या हिशेबाने मी खिडकीशी सरसावून बसले. झाडी येईल, वानरं येतील. इथे यातलं काही नव्हतं. आमच्याकडे डोंगर दिसतच नाही, दिसतात ती झाडं. इथे डोंगर उघडा, कसा थरावर थर रचला गेला ते सगळं दिसतं. खाली लांबवर पिवळं रान, मधे एखादा लिंब, कुठे बाभळी. पहिल्यांदा मला ते ओकंबोकं वाटलं. अर्ध्या घाटात लक्षात आलं की चित्र काढणाऱ्याला इतका सोयीचा मुलूख दुसरा नाही, कारण इथे काही लपलेलंच नसतं.

मालती स्टँडवर उभी होती. दहा वर्षांत ती उन्हाने चांगली तांबूस झाली होती आणि तिच्या बोलण्यात "लई" आलं होतं. तिच्या घराच्या दारात एक भरलेली घागर आणि तांब्या दिसला. आमच्याकडे बाहेरून आलेला माणूस पायांवर सडसडून पाणी घेतो आणि मगच उंबरा ओलांडतो. मी तेच केलं. पाय धुतले, तोंड धुतलं, खळखळून चूळ भरली, आणि तळाशी उरलेलं पाणी पुण्य लागावं म्हणून त्यांच्या तुळशीला घातलं.

मालतीच्या सासूबाई बाहेर आल्या. रिकाम्या घागरीकडे बघितलं, ती डोक्यावर घेतली आणि चालू लागल्या. तेव्हा मला कळलं की घरची विहीर आटून महिना झाला होता. पाणी दोन शेतं पलीकडून यायचं आणि ती घागर संध्याकाळच्या स्वयंपाकाची होती. म्हातारी तासाभराने आली, घागर उतरवली, तुळशीकडे बघून म्हणाली, "बरं झालं बाई. लई दिसांनी पोटभर पेली बिचारी."

सगळे हसले. मालतीचे यजमान भाऊसाहेब तर ठसका लागेपर्यंत हसले. मी सोडून सगळे. जेवायला शेंगोळे होते. हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवतात, सोबत बाजरीची भाकरी आणि कांदा बुक्कीने फोडून. आमच्या सोलकढीवर वाढलेल्या जिभेला पहिल्या घासाला ब्रह्मांड आठवलं, दुसऱ्या घासाला ते आवडलं, आणि तिसऱ्या घासाला मला पुन्हा घागर आठवली. एवढं साधं कळू नये? वाळकं गवत दिसत नव्हतं? ठोंबी कुठली.

"काय पुटपुटतेस?" मालतीने विचारलं.

मी सांगितलं.

"सुमे, तू सांडलेलं पाणी आत्याबाईंनी आणलंसुद्धा, आणि त्याचे शेंगोळे तू खातेयस. अजून काय उगाळत बसलीस?"

मग मी तिला कार्ड दाखवलं. तिने ते वाचलं, उलटं करून पत्ता वाचला आणि परत माझ्या हातात दिलं. "हे टाकायचं का नाही ते तू ठरव. पण गाढव बघेपर्यंत टाकायचं नाही, एवढं कबूल कर." मी कबूल केलं.

मढीचा बाजार

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. भाऊसाहेबांनी सकाळीच गाडी जुंपली. गाढवांच्या बाजाराला बैलगाडीतून जायचं याची मला गंमत वाटली तर ते म्हणाले, "आज बैलास्नी लई मान चढतो बगा. समद्या बाजारात त्येच उंच."

मढी एका टेकाडावर आहे. वर कानिफनाथांची समाधी, खाली माणसांचा आणि जनावरांचा समुद्र. मी समुद्रकाठची असून हा शब्द वापरतेय, तेव्हा विश्वास ठेवा. उंच काठ्यांना निशाणं बांधून, वाजतगाजत लोक टेकाड चढत होते. गुलाल तर इतका की दुपारपर्यंत माझी पांढरी साडी विचारात घेण्यासारखी राहिली नव्हती. रेवड्यांचे ढीगच्या ढीग लागले होते. इथला प्रसाद रेवडीचा, आणि प्रसाद म्हणून मी सकाळपासून किती रेवड्या खाल्ल्या ते मालतीने कुणाला सांगू नये.

आणि गाढवं! राखाडी, तपकिरी, पांढुरकी, काठेवाडातून चालत आलेली उंच देखणी गाढवं, पाठीवर रंगाचे पट्टे ओढलेली. बेलदार, वडार, कुंभार, परीट, ज्यांचं पोट या जनावराच्या पाठीवर चालतं ती सगळी मंडळी लांबलांबून आलेली. गिऱ्हाईक येतं आणि आधी गाढवाचा ओठ वर करून दात बघतं. दोन दात आलेलं ते दुवान, चार आलेलं ते चौवान. इतक्या गंभीरपणे तोंडात वाकून बघतात की आमच्याकडे नवरी बघतानाही इतकं बघत नाहीत. खरं तर बघतात.

बाजार चढ्या आवाजाचा, पण एक गोष्ट माझ्या लवकर ध्यानात आली. तिथे गाढवाला कुणी गाढव म्हणत नव्हतं. प्रत्येकाला नाव होतं.

मालती आणि भाऊसाहेब वर दर्शनाला गेले. मी पॅड आणि पेन्सिली घेऊन बाजाराच्या कडेला एका बाभळीखाली बसायला गेले. तिथे एक म्हातारी एक राखाडी गाढव घेऊन आधीच बसली होती. साठी उलटलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू, गुडघ्याला फडकं बांधलेलं. मी विचारलं, तुमच्या गाढवाचं चित्र काढू का. ती म्हणाली, "काडा की. पर त्येला फौजदार म्हनत्यात. वाटंत मदीच हुबा ऱ्हातो आन् येनाऱ्याजानाऱ्याची चौकशी करतो, म्हनून."

तिचं नाव ठकूबाई. गेवराईकडची बेलदारीण. जन्मभर चुना आणि दगड वाहून घाटातले रस्ते, विहिरी, बंधारे बांधले. आता गुडघ्यांनी जवाब दिला होता, लेकीकडे राहायचं होतं, आणि लेकीच्या दारात गाढव बांधायला जागा नव्हती. बाकीची विकून झाली होती. हा शेवटचा.

तेवढ्यात नेवाशाकडचा एक कुंभार आला. त्याने फौजदाराचे दात बघितले, पाय चाचपले आणि विचारलं, "चालीला कसा हाय?"

ठकूबाईने तीन बोटं वर केली. "आदी खोडी ऐका. एक, पान्यात पाय घालत न्हाई. वढ्याला बोटभर पानी असू द्या, हुबाच ऱ्हातो. मागनं ढकलावं लागतंय. दोन, डाव्या अंगाला वझं जड झालं की खाली बसतो. तीन, पहाटं वरडतो, आन् एकदा लागला की गाव उठवल्याबिगर थांबत न्हाई."

शेजारणीला भाजीची रीत सांगावी तसं तिने ते सांगितलं. लपवलं काही नाही, पण आवाजात रागही नव्हता. मग तिने गिऱ्हाइकाकडे पाठ केली, फौजदाराचा कान हातात घेतला आणि त्यात हळूहळू काहीतरी पुटपुटली. कुंभार तोपर्यंत शांत उभा होता. "आनखी दोनचार बगून येतो," असं म्हणून तो पुढे गेला.

"मावशी, कानात काय सांगितलंत?" मला राहवेना.

"गुन सांगितले. तीन खोडी सांगितल्या की तीन गुन सांगायचे. आमच्या घरात आज्यापस्नं असंच हाय. खोड गिऱ्हाइकाला सांगायची, गुन जनावराला."

"आणि उलट केलं तर?"

"गुन गिऱ्हाइकाला सांगितलं तर त्यो धंदा झाला. खोड जनावराला सांगून काय उपेग? त्येला ठावं हायेच की."

तेरा कागद

मी काढायला बसले. गाढव समोर असताना काढणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. घोड्याची मान वर असते, याची खाली. पोट कुठे सुरू होतं, पाय कुठे वळतो, सगळं मी आजवर समजत होते त्याहून वेगळं. पहिला कागद फाडला. दुसरा फाडला. चुरगाळून बाजूला फेकत गेले. फेकलेले दोनचार फौजदाराने शांतपणे खाल्ले. टीकाकार म्हणून तो प्रकाशकांपेक्षा उदार निघाला.

बारा कागद झाले. तेराव्याला पाठीची रेघ मधेच तुटली आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "शी! गाढव मेली!"

ठकूबाईने वळून बघितलं. "कोनाला म्हनताय?"

"मलाच हो. स्वतःला."

"मंग दुसरं कायतरी म्हना. त्यो ऐकतोय." आणि तिने फौजदाराचे कान हातांनी झाकले.

मी ओशाळले. तेरावा कागद चुरगाळून टाकला. तिने तो उचलला, मांडीवर ठेवून तळहाताने सारखा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो तर आपला फौजदार! मागला डावा पाय मोडून हुबा ऱ्हायलाय बगा. वझं उतरलं की असाच ऱ्हातो ह्यो, जनू कचेरीतनं घरी आला."

मी बघितलं. पाय खरंच तसा होता. मी तो तसा काढलाय हे मलाच माहीत नव्हतं.

"नाही हो मावशी, बिघडलंय ते. कान फारच लांब झालाय. पाठीची रेघ तुटलीय. पुढचे पाय काठीसारखे झालेत. शिवाय डोळा..."

तिने तीन बोटं वर केली. "तीन झाल्या. बास. आता गुन सांगा."

मी पेन्सिलीचं टोक बघत बसले.

"सांगा की."

मी चित्राकडे बघितलं. आमच्या शाळेत पाचवीतल्या पोराने घराएवढा कोंबडा काढला तरी मी तत्काळ म्हणते, वा, डोळा किती तरतरीत आहे! चाळीस पोरांच्या चाळीस चित्रांत गुण काढायला मला वेळ लागत नाही. आणि इथे मला एक सापडेना. शोधत होते आणि प्रत्येक जागी नवीन चूकच दिसत होती. मला रडू यायला लागलं, आणि भर बाजारात रडू येतंय म्हणून स्वतःचा रागही आला.

ठकूबाईने घाई केली नाही. पिशवीतून भाकरीचा तुकडा काढला, अर्धा फौजदाराला दिला, अर्धा मला. मग म्हणाली, "माजी गंगी म्हनून गाढवीन हुती. घाटात काम चाललं हुतं. माज्या हातनं वझं वाकडं बांदलं गेल्तं आन् गंगी दरडीवरनं खाली गेली."

मी भाकरी हातात धरून ऐकत राहिले.

"वरीसभर मी एकच म्हनायची, ठके, तू मारलीस. खाताना म्हनायची, चालताना म्हनायची. वाटायचं, असं म्हनत ऱ्हायलं म्हंजी फुडं चूक व्हायची न्हाई. आन् बाई, त्या वर्सात माज्या हातनं एक वझं सरळ बांदलं गेलं न्हाई. दोरी धरली की त्येच आठवायचं."

"मग?"

"मंग एक दिस सासूनं माजा कान धरला. लई खमकी बाई. मला वाटलं, मारती आता. तर तिनं कानात सांगितलं, ठके, तू वझं वाकडं बांदलंस, ती खोड झाली, ती समद्यांनी ऐकली. आता गुन ऐक. तू धा वर्सं वझं सरळ बांदलंस. आजारी गाढवापाशी तू उपाशी बसलीस. गंगीला हुडकायला दरडीत पयली तू उतरलीस." ठकूबाईने फौजदाराच्या पाठीवरून हात फिरवला. "खोड एकदा सांगायची बाई. रोज सांगितली की ती शिवी व्हती. आन् शिवीनं कुठलं जनावर सरळ चाललंय?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? दुसऱ्या दिशी वझं सरळ बांदलं."

तिने चित्र माझ्यासमोर धरलं. "हं. आता तुमी. त्येच्या कानात सांगा."

"चित्राच्या?"

"कान एवढा लांब काडलाय न्हवं? मावंल त्यात."

मी हसले, आणि हसताहसताच रडले. भोवती हजारो माणसं, वाजंत्री, गुलाल, आणि मी एक शिकलीसवरलेली बाई कागदावर वाकून गाढवाच्या कानात बोलत होते. म्हटलं, तुझा मागचा पाय फार छान आलाय. म्हटलं, तुझी मान दमलेली आहे पण दुःखी नाही, हे मला जमलंय. तिसरा गुण सापडायला वेळ लागला. मग म्हटलं, तुला बघून तुझ्या बाईने तुला ओळखलं.

"आता सोताचं," ठकूबाई म्हणाली.

"स्वतःच्या कानात कसं सांगणार?"

"आपलं तोंड आपल्या कानाला पुरत न्हाई, म्हनून मोठ्यांदा म्हनायचं."

ते मात्र मला तिथे जमलं नाही. घरी गेल्यावर म्हणेन, असं सांगितलं. "बगा हां," ती म्हणाली, "फौजदार साक्षीला हाय."

दुपारी कुंभार परत आला. उपरण्याखाली हातात हात घेऊन, बोटं दाबून सौदा झाला. ठकूबाईने दावं त्याच्या हातात दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, ते चितर मला द्याल का?"

हे सांगायला लाज वाटते, पण मी लगेच हो म्हटलं नाही. तेरा कागदांत ते एकच जमलेलं होतं. ते प्रकाशकांना पाठवलं असतं तर काम झालं असतं. पुन्हा तसं येईल याची मला मुळीच खात्री नव्हती. पण ती ज्या नजरेने त्या चुरगाळलेल्या कागदाकडे बघत होती, तसं माझ्या कुठल्याही चित्राकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. मी ते तिला दिलं. तिने चौघडी घालून चोळीत ठेवलं.

फौजदाराने निघण्यापूर्वी माझ्या पिशवीत तोंड घातलं. कागदाची चटक लागली होती त्याला. मी ते कार्ड काढलं, एकदा बघितलं, आणि त्याच्यापुढे धरलं. "हे काम मला झेपण्यासारखे नाही" पासून "क्षमस्व" पर्यंत त्याने सगळं चावून खाल्लं, पत्त्यासकट. मग तो कुंभाराच्या मागून निघाला. वाटेतला ओढा कोरडा ठणठणीत होता, त्यामुळे त्याची पहिली खोड काही त्या दिवशी कुणाला दिसली नाही. ठकूबाई तो दिसेनासा होईपर्यंत उभी होती आणि मी तिच्या शेजारी.

परत

तिसगावला पोचल्यावर मी पाय फक्त अर्ध्या तांब्यात धुतले. सासूबाई म्हणाल्या, "आता आमची झालीस."

दुसऱ्या दिवशी मालतीच्या ओसरीवर बसून मी आठवणीतून फौजदार पुन्हा काढला. जत्रेतल्या चित्राइतका तो आला नाही. पुढचे पाय सुधारले, पण मागच्या पायात तो निवांतपणा आला नाही. कान याही वेळी लांबच झाला. हात कागद फाडायला गेला. मी तीन खोडी मोठ्याने सांगितल्या, तीन गुण कानात सांगितले आणि चित्र मालतीच्या हातात दिलं. मी विचार बदलेन म्हणून ती ते पुठ्ठ्यात घालून तडक पोस्टात गेली.

घरी आल्यावर फौजदाराच्या साक्षीने दिलेला शब्द उरला होता. दोन दिवस टाळला. तिसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना आरशासमोर उभी राहून म्हटलं, "मी मुलांची चित्रं कधी फाडली नाहीत." एक पेड घातला. "मी एका गाढवासाठी इतक्या लांब एसटीने गेले." मग वेणी अर्धी सोडून पुन्हा घातली. "जमलेलं चित्र मी ज्याचं होतं त्याला दिलं."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आणि आईला कधी उलट बोलत नाहीस!"

"हे खरं नाही," मी म्हटलं.

"नसू दे. आणखी एक गुण असावा म्हणून सांगितला."

तेव्हापासून माझं स्वतःला बोलणं थांबलं असं मी म्हणणार नाही. परवाच दूध उतू गेलं तेव्हा "ठोंबी" निघालंच तोंडातून. पण दुसऱ्यांदा म्हणायला गेले की तीन बोटं आठवतात आणि जीभ आवरते.

पाडवा झाल्यावर प्रकाशकांचं पत्र आलं. "गाढव मिळाले. पसंत आहे. पुस्तक छापावयास घेत आहोत. कान किंचित लांब वाटतो. हवे असल्यास तेवढा आखूड करून देऊ."

मी पत्र एकदाच वाचलं आणि घडी घालून ठेवलं. मग कार्ड घेऊन उत्तर लिहिलं, "कान लांब आहे हे खरे. कृपया तसाच ठेवावा. त्यात बोलायला जागा लागते."